मदत हवी आहे: हिंगोली ते घुमान कारनं, नागपूरवरून जावं का इंदूरवरून?

कयाधूकाठ
नमस्कार मंडळी. हिंगोलीहून घुमानला जायचंय, पंजाबातलं, नामदेव महाराजांचं. नागपूरला जाऊन ४४ नंबर धरून दिल्लीवरून जावं, का इंदूर-जयपूर करत जावं? मॅप दोन्हीकडं जवळपास सारखंच दाखवायलाय, साडू म्हणतोय इकडून, चुलतभाऊ म्हणतोय तिकडून, डोक्याचं दही झालंय. दोन दिवसात पोचायचंय. जे गाडीनं गेलेत त्यांनीच सांगा, आणि किरपा करून रेल्वेनं जा हे सांगू नका. जरा लवकर, सुट्टीचा अर्ज द्यायचाय.

सेलूचे मास्तर
सचखंड एक्सप्रेस. नांदेडहून निघते, परभणीला बसा, थेट अमृतसरला उतरा. वाटेत लंगरसुद्धा मिळतो, ताट-वाटी आपली न्यायची. उगा डिझेल जाळत जायची हौस कामून?

कयाधूकाठ
मास्तर, शेवटून दुसरं वाक्य वाचलं का माझं?

वसमतची हळद
आधी हे सांग, गाडी कोणती, माणसं किती, कधी निघायलाव. नुसतं "कारनं जायचंय" म्हणल्यावर कोण काय सांगणार. अल्टोत दोघं आन् सातसीटरमध्ये आठ यात फरक आहे राजा.

कयाधूकाठ
सातसीटर आहे, डिझेल. माणसं सहा. आता सांगा रस्ता.

नांदेडी पाहुणा
गाडी कोणत्या सालची?

कयाधूकाठ
त्याचं काय एवढं, गाडी टकाटक आहे. २०१३. इंजिनला हात लावला नाही अजून कुणी.

नांदेडी पाहुणा
मग दिल्लीचा रस्ता विसरा भाऊ. दहा वर्षांवरचं डिझेल दिल्ली आणि एनसीआरमध्ये, म्हणजे दिल्लीभोवतीच्या जिल्ह्यांच्या पट्ट्यात, चालत नाही, हरित लवादाचा आदेश २०१५ चा आहे आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टानंही तेच धरलं. नंतर त्यात सवलती आल्या, पुन्हा बदल झाले, आज काय चालू आहे ते निघायच्या आदल्या दिवशी बघावं लागतं. आरसी काढून त्यावर बीएस, म्हणजे धुराचा दर्जा, किती लिहिलंय ते बघा. आपल्याकडं बीएस-४ सक्तीचं झालं २०१७ च्या एप्रिलपासून, म्हणजे तुमची गाडी बीएस-३ असायची शक्यता जास्त. वरून थंडीत तिकडं प्रदूषण वाढलं की ग्रॅपचे, म्हणजे प्रदूषणासाठी टप्प्याटप्प्यानं वाढणारे, निर्बंध लागतात, त्यात तिसऱ्या टप्प्यालाच बीएस-४ डिझेल कारसुद्धा बंद होते, तुमची तर त्याच्याही मागची. एमएच-३८ ची पाटी बघून सोडतील असं समजू नका.

जुनं स्टिअरिंग
काही होत नाही हो. बाहेरून बाहेर जायचं, दिल्लीला वळसा घालणारा पेरिफेरल एक्सप्रेसवे कशाला बांधलाय? पलवलला चढायचं, कुंडलीला उतरायचं, दिल्लीत पायसुद्धा ठेवायचा नाही. १३५ किलोमीटर, लोण्यासारखा रस्ता.

नांदेडी पाहुणा
पलवल पण एनसीआर, कुंडली पण एनसीआर, पुढं पानिपत-कर्नाल पण एनसीआर. दिल्ली टळते, नियम टळत नाही.

जुनं स्टिअरिंग
मी स्वतः गेलोय, कुणी विचारलं नाही.

वसमतची हळद
कोणत्या साली गेलाव काका?

जुनं स्टिअरिंग
साल महत्त्वाचं नाही, अनुभव महत्त्वाचा.

पुणेकर मूळ जिंतूर
मी सुचवेन की फास्टॅगचा वार्षिक पास काढून घ्या. २०२५ ला निघाला तेव्हा ३००० रुपये होता, वर्षभर किंवा २०० ट्रिप, जे आधी संपेल ते. खासगी गाडीला चालतो. एवढ्या लांबच्या जाण्यायेण्यात एका फेरीतच वसूल व्हायला येतो. हिंगोलीहून वाशीम, शेलूबाजारला समृद्धीवर चढा, तासा-दीड तासात वर्धा पार, १२० ची लिमिट आहे.

परळी थर्मल
पास समृद्धीवर चालत नाही साहेब. तो नॅशनल हायवे आन् नॅशनल एक्सप्रेसवेच्या टोललाच आहे, समृद्धी राज्याचा. यमुना एक्सप्रेसवेलाही चालत नाही. लोक पास काढून निवांत बसतात आन् मग टॅगमध्ये पैसे नाहीत म्हणून डबल भरतात. पास काढा पण टॅगमध्ये बॅलन्स ठेवाच.

समृद्धीवर जाणार असाल तर टायर बघा आधी. काँक्रीटवर १२० नं जुने टायर तापतात. आमच्या गल्लीतल्या एका गाडीचा टायर जालन्याच्या पुढं फुटला, नशीब म्हणून सगळे वाचले, गॅरेजवाल्यानं "अजून दहा हजार जातो" सांगितलेला टायर होता तो.

कयाधूकाठ
टायर मागच्या दिवाळीला बदललेत. आरसी बघितली, बीएस-३ च आहे. म्हणजे इंदूरवरून. ठीक आहे. मग इंदूर-जयपूर, पुढं? त्या रस्त्यानं दिल्ली लागत नाही ना?

नांदेडी पाहुणा
लागत नाही. हिंगोली-वाशीम-अकोला-खामगाव-मलकापूर-मुक्ताईनगर, तिथून बुऱ्हाणपूर-खंडवा-इंदूर. खंडव्याच्या पुढं घाट आणि नर्मदा आहे, अंधारात करू नका. इंदूर-देवासहून ५२ नंबर, ब्यावरा-झालावाड-कोटा-बुंदी-जयपूर. कोट्याच्या अलीकडं दऱ्याच्या खिंडीत ट्रकची रांग लागते, तिथं सकाळी लवकर निघा किंवा वेळ धरून चाला. जयपूरहून तोच ५२, सीकर-फतेहपूर-चुरू.

चुरूला मात्र ५२ सोडायचा. तो सरळ हिसारला जातो पण मध्ये सिवानी लागतं, ते भिवानी जिल्ह्यात, आणि भिवानी एनसीआरमध्ये. तुम्ही चुरूहून तारानगर-नोहर-सिरसा-डबवाली धरा, तिथून ५४ नंबर, भटिंडा-फरीदकोट-झिरा-हरिके-तरनतारन-अमृतसर. हरिकेला ब्यास आणि सतलज मिळतात, पुलावर गाडी थांबवू नका, पलीकडं थांबून बघा. अमृतसरहून मेहता चौकावरून घुमान, पन्नासेक किमीच्या आत.

सेलूचे मास्तर
हे सगळं करण्यापेक्षा सचखंडमध्ये झोपून जायचं.

मायबोलीचा मुलगा
घुमानला ८८ वं साहित्य संमेलन झालं होतं ना २०१५ ला? तेव्हा मराठी माणसाला घुमान कळलं. बाकी नामदेवांचा जन्म पंढरपूरचा असंही अभ्यासक म्हणतात, नर्सीबद्दल एकमत नाही.

वसमतची हळद
आले. रस्ता विचारलाय, जन्मदाखला नाही. हिंगोली जिल्ह्यात बसून नर्सी नाही म्हणायला छाती लागते.

मायबोलीचा मुलगा
मी फक्त संदर्भ दिला. ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत हे महत्त्वाचं, जन्मगाव कुठलंही असो.

वसमतची हळद
"कुठलंही असो" कसं? नर्सीच.

अंबाजोगाईची लेक
दादा, सहा माणसं म्हणजे कोण कोण? म्हातारी माणसं आहेत का सोबत? आणि तारीख अजून सांगितलीच नाही तुम्ही. दोन दिवसात पोचणार म्हणताय, गाडी चालवणारे किती?

कयाधूकाठ
आई आहे, मावशी आहे, बायको, दोन लेकरं आन् मी. ड्रायव्हर मीच. तारीख संक्रांतीची, तिथं त्या टायमाला जत्रा असते, आईनं कीर्तनात ऐकल्यापासून एकच धोशा लावलाय, त्याच दिवशी पायावर डोकं ठेवायचं. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय तिचं, रेल्वेच्या पायऱ्या चढता येत नाहीत, प्लॅटफॉर्म बदलता येत नाही. म्हणून कार. मास्तरांना कळावं म्हणून लिहिलं.

सेलूचे मास्तर
हे आधी लिहायचं ना बाळा. तसंही जानेवारीत सचखंड धुक्यानं उशिरा धावते. माझी सूचना मागं. आईला नमस्कार सांग.

नांदेडी पाहुणा
जानेवारी?? एवढी मोठी गोष्ट सगळ्यात शेवटी सांगितलीत भाऊ. रस्ता राहू द्या बाजूला, आधी धुक्याचं ऐका. मी नांदेडचाच, घरचे पाहुणे तरनतारनकडं, दर थंडीत गाडीनं जाणं होतं. आपल्याकडचं धुकं म्हणजे सकाळी तुरीवर दिसतं ते, ऊन आलं की गेलं. तिकडं सिरसाच्या पुढं बॉनेटचा पुढचा कोपरा दिसत नाही. रस्त्यावर ऊस भरलेली ट्रॉली चालत असते, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, आणि ती दिसते तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते.

म्हणून सिरसापासून पुढं सकाळी दहाच्या आत चाक हलवायचं नाही आणि पाचला जिथं असाल तिथं मुक्काम. हाय बीम लावू नका, उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यात येतो, लो बीम आणि फॉगलॅम्प. चालत्या गाडीला चारी इंडिकेटर लावून जाऊ नका, मागच्याला तुम्ही उभे आहात का वळताय काहीच कळत नाही. अगदीच दिसेना झालं तर रस्त्याच्या कडेला थांबायचं नाही, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आत गाडी घ्यायची, कारण कडेला उभ्या गाडीवरच मागून ट्रक येतो.

आणि दोन दिवस विसरा. सतराशे-अठराशे किलोमीटर आहे, एकटा ड्रायव्हर, आई सोबत. चार दिवस धरा. इंदूर, कोटा, चुरू किंवा सिरसा, चौथ्या दिवशी अमृतसर.

जुनं स्टिअरिंग
चार दिवस म्हणजे बैलगाडी झाली. मी एका दमात हजार मारतो. आणि एक सांगायचं राहिलं, थंडीत तिकडं डिझेल गोठतं, रॉकेल टाकावं लागतं थोडं.

परळी थर्मल
काका, ते लडाखला. अमृतसरला डिझेल गोठत नाही. रॉकेल टाकून त्या बिचाऱ्याचा पंप बसवताव का? रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर मात्र कूलंट भरून घ्या, आपल्याकडं निम्म्या गाड्यात नळाचं पाणीच असतं.

जुनं स्टिअरिंग
तुम्ही पुस्तकी लोक.

अंबाजोगाईची लेक
आईंसाठी: गुडघा फार वेळ वाकलेला ठेवू नका, मधल्या रांगेत खिडकीजवळ बसवा, दीड-दोन तासाला उतरवून चार पावलं चालवा. मुक्कामाची खोली तळमजल्यावर आणि कमोडची आहे का हे फोन करून विचारा, "हो हो है" म्हणले तरी फोटो मागवा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते, सगळा रस्ता पराठे-लोणी खाऊन मावशींचं पोट बिघडेल.

पुणेकर मूळ जिंतूर
दिल्ली टाळली म्हणजे मुरथलचे पराठे हुकले. हे दुःख कुणालाच दिसत नाहीये.

वसमतची हळद
या निमित्तानं कुणी सांगेल का, जुनी डिझेल देऊन नवीन सीएनजी घ्यावी का? हिंगोलीत पंपावर रांग किती असते?

कयाधूकाठ
भाऊ वेगळा धागा काढ ना.

मंडळी, चार दिवसांचं ठरवलं, दहाला निघायचं न म्हणता आठ तारखेला निघतो. सुट्टी जास्त टाकली, साहेबांनी तोंड वाकडं केलं पण दिली. मेव्हण्याला लायसन आहे, तो इंदूरपासून येतो म्हणालाय, म्हणजे माणसं सात. एकच राहिलं. धुक्यात काचेवर आतून वाफ धरते म्हणतात, त्याला हीटर लागतो. गाडी घेतल्यापासून हीटर कधी लावलाच नाही, हिंगोलीत कोण लावतो. काल बटण लाल बाजूला फिरवलं तर आधी धूळ आली, मग उंदरानं मुतल्यासारखा वास, गरम हवा काहीच नाही. पोरं खाली उतरून पळाली.

परळी थर्मल
इंजिन गरम होतं का तेव्हा? थंड इंजिनवर हीटर गरम हवा देत नाही, वीसेक मिनिटं चालवून बघा. तरी नाही आली तर हीटरकडं जाणारे दोन पाईप हातानं चाचपा, दोन्ही गरम पाहिजेत. एक गार लागला तर हीटर कोअर चोक आहे, नळाच्या पाण्याचा गाळ. मेकॅनिककडून उलटं पाणी मारून धुऊन निघतं बऱ्याचदा. आन् ब्लोअरमागचा केबिन फिल्टर काढून बघा, उंदराचं घर तिथंच असतं.

नांदेडी पाहुणा
वाफ घालवायला हवा काचेवर सोडायची, एसीही चालू ठेवायचा आणि बाहेरची हवा आत घ्यायची. आतल्या आत फिरवली तर सात माणसांच्या श्वासानं काच दोन मिनिटात पांढरी होते. हे घरीच एका सकाळी करून बघा, सिरसाला शिकू नका.

कयाधूकाठ
एक पाईप गारच आहे. उद्या मेकॅनिककडं टाकतो.

जुनं स्टिअरिंग
पाईपमध्ये कोकाकोला टाका, गाळ निघतो.

परळी थर्मल
नका टाकू.