कोड मस्त चालतोय, तरी व्हीएस कोड इंपोर्टखाली लाल रेघा मारतोय

ठाणेकरीण
वैतागलेय आता. सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या काढायला पायथॉनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिलीये (बाबा सेक्रेटरी, म्हणून फुकटची डेव्हलपर मी). टर्मिनलमधून चालवली की ६४ फ्लॅटच्या ६४ पावत्या झटक्यात निघतात, एकही एरर नाही. पण तीच फाइल व्हीएस कोडमध्ये उघडली की वर नुसती रंगपंचमी. याम्लच्या इंपोर्टखाली पिवळी नागमोडी रेघ, जिंजा-टू खाली लाल (दोन्ही बाहेरच्या लायब्ररी), आणि 'कॉमन' फोल्डरमधली माझीच 'हिशेब' नावाची फाइल, तिच्याखालीपण लाल, म्हणे "इंपोर्ट कुड नॉट बी रिझॉल्व्ह्ड". पिपला (लायब्ररी टाकणारं टूल) विचारलं तर तो म्हणतो ऑलरेडी सॅटिस्फाइड. एडिटर दोनदा काढून परत टाकला, लॅपटॉप रिस्टार्ट केला, काही फरक नाही. काय करू?

घाटमाथ्यावरून
एडिटर परत टाकून काही होणार नाही, त्याचा दोषच नाहीये. रेघा मारतो तो पायलान्स, म्हणजे एडिटरमधलं पायथॉन तपासणारं एक्स्टेंशन, आणि तो तुमचा कोड चालवत नाही, नुसता वाचतो. लायब्ररी कुठे शोधायची ते तो निवडलेल्या इंटरप्रिटरवरून, म्हणजे कोड चालवणाऱ्या पायथॉनवरून ठरवतो. तुमचं टर्मिनल एका पायथॉनवर आणि एडिटर दुसऱ्याच पायथॉनवर असणार, पैजेवर सांगतो. टर्मिनलमध्ये सिस इंपोर्ट करून सिस डॉट एक्झिक्युटेबल प्रिंट करा, मग एडिटरमध्ये फाइल उघडी ठेवून खाली उजव्या कोपऱ्यात कुठलं व्हर्जन दिसतंय ते बघा. वेगळं असेल तर कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून 'पायथॉन: सिलेक्ट इंटरप्रिटर'.

झोपाळू_कोडर
एवढं कशाला, ओळीच्या शेवटी हॅश टाकून 'टाइप: इग्नोर' लिहायचं आणि झोपायचं. मी तर ती वॉर्निंगच सेटिंगमधून बंद करून टाकलीये 😄

ठाणेकरीण
घाटमाथा, पैज जिंकलात! टर्मिनल डॉट व्हेन्वमधलं (प्रोजेक्टपुरतं वेगळं) पायथॉन दाखवतंय आणि एडिटर विंडोजवर आधीपासून असलेलं. पण सिलेक्टच्या यादीत माझं व्हेन्व दिसतच नाहीये.

घाटमाथ्यावरून
मग तुम्ही अख्खं वरचं फोल्डर उघडलंय का, ज्यात सतरा प्रोजेक्ट आहेत? व्हेन्व उघडलेल्या फोल्डरच्या थेट आत असेल तर आपोआप सापडतं, आणखी खाली दडलं असेल तर बऱ्याचदा नाही. फक्त सोसायटीचं फोल्डर उघडा. नाहीतर 'एंटर इंटरप्रिटर पाथ' घेऊन डॉट व्हेन्वच्या आत स्क्रिप्ट्स, त्यातली पायथॉन डॉट ईएक्सई दाखवा.

चहा_आणि_सिंटॅक्स
पिवळं आणि लाल वेगळं का, ते कोणी सांगितलं नाही म्हणून मी सांगते, कारण त्यातच खरी गोम आहे. याम्लची टाइपची माहिती, म्हणजे स्टब, पायलान्स स्वतःबरोबर घेऊनच येतो, त्यामुळे नाव त्याला ओळखीचं वाटतं, फक्त खरी लायब्ररी सापडत नाही, म्हणून पिवळं. नीट वाचलंत तर त्या मेसेजमध्ये शेवटी 'फ्रॉम सोर्स' असतं. जिंजाचा असा स्टब बरोबर येत नाही, म्हणून सरळ लाल.

इंटरप्रिटर बदलल्यावर हे दोन्ही जातील, 'हिशेब' मात्र जाणार नाही. फाइलच्या वरती सिस डॉट पाथ डॉट अपेंड केलंय ना कॉमनसाठी? ती ओळ चालवल्यावर खरी होते, आणि पायलान्स तर चालवतच नाही. सेटिंग्जमध्ये 'पायथॉन डॉट अॅनालिसिस डॉट एक्स्ट्रापाथ्स' मध्ये कॉमन टाका. आणि झोपाळू, इग्नोर टाकलं की खोट्या रेघेबरोबर खरीपण झाकली जाते, हे सवयीचं करू नका हो.

नागपुरी_संत्रं
एक्स्ट्रापाथ्सपेक्षा कॉमनचं पॅकेज करून 'पिप इन्स्टॉल' हायफन-ई करा (एडिटेबल, म्हणजे फाइल्स जागेवरच ठेवून), असं कोणी सांगेल, पण जपून. पॅकेज बांधणाऱ्या सेटअपटूल्सच्या ६४ व्हर्जनपासून ते बऱ्याचदा इंपोर्ट हुकवर, म्हणजे कोड चालताना फाइल शोधून देणाऱ्या जुगाडावर चालतं, मग कोड चालतो आणि एडिटरला परत काही दिसत नाही, म्हणजे फिरून तिथंच. मी यात एक अख्खा रविवार घालवलाय बाप्पा. करायचंच असेल तर एडिटेबल मोड 'कम्पॅट' द्यायचा, पण तुमच्या दोन फाइल्सला एवढा पसारा कशाला.

ठाणेकरीण
झालं!! सोसायटीचंच फोल्डर उघडलं, व्हेन्व निवडलं, याम्ल आणि जिंजा गप्प. एक्स्ट्रापाथ्समध्ये कॉमन टाकलं, हिशेबही गप्प. मग खाली स्क्रोल केलं तर एका फंक्शनच्या आत एक लाल रेघ तशीच, वीझीप्रिंटची. म्हटलं हीपण खोटीच असणार, इग्नोर टाकणारच होते. पण पिप लिस्ट बघितली तर वीझीप्रिंट खरंच टाकलेलं नाहीये, ते फंक्शन फक्त मार्चअखेरचा पीडीएफ काढताना चालतं आणि इतके महिने मी ते एकदाही चालवलेलं नाही 🙈

झोपाळू_कोडर
बरं बरं, ती वॉर्निंग चालू करतो परत.