शब्दचर्चा: ब्राह्मणेतर, अब्राह्मणी, बहुजन आणि मधली ती आडवी रेघ

प्रूफवाली:
महाराष्ट्राच्या राजकारणावरच्या एका इंग्रजी अभ्यासग्रंथाचं भाषांतर सध्या माझ्याकडे तपासायला आलंय. भाषा छान आहे, कुठे अडखळायला होत नाही. पण एका प्रकरणात अडकले. मूळ पुस्तकात 'नॉन-ब्राह्मिन' आणि 'नॉन-ब्राह्मिनिकल' असे दोन शब्द आहेत, भाषांतरात दोन्हीकडे 'ब्राह्मणेतर'. त्यामुळे ब्राह्मणेतर पक्ष, ब्राह्मणेतर विचार, ब्राह्मणेतर सौंदर्यशास्त्र अशी रांगच लागलीय. दुसरी गोष्ट, 'बहुजन' हा शब्द पान उलटलं की वेगळ्याच लोकांना लागू होतो. एका परिच्छेदात 'दलित आणि बहुजन', पुढच्यात बहुजनांतच अनुसूचित जाती-जमाती आल्या, तिसरीकडे 'दलित-बहुजन'. प्रकाशक म्हणतात एकवाक्यता हवी, एक रूप ठरवा आणि सगळीकडे लावा. तसं करावं का?

खडूफळा:
अजिबात करू नका. एकवाक्यता शुद्धलेखनात ठेवा, इथे नको.

'ब्राह्मणेतर' आधी घेऊ, तो सोपा आहे. 'शिक्षकेतर कर्मचारी'मधला 'इतर' तोच इथला 'इतर'. कारकून, शिपाई, प्रयोगशाळा सहायक यांच्यात साम्य एवढंच की ते शिक्षक नाहीत. ब्राह्मणेतरांचं तसंच. मराठे, माळी, धनगर, लिंगायत, जैन... रीतभात वेगळी, धर्मही सगळ्यांचा एक नाही. हा मोजणीचा शब्द आहे, आणि तो गाजला तोही मोजणीच्या काळात. 1919च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी कौन्सिलच्या, म्हणजे प्रांतिक कायदेमंडळाच्या, निवडणुकांना वजन आलं. मुंबई इलाख्यात 'मराठा व तत्सम' जातींसाठी सात जागा राखीव होत्या. अशा वेळी कोण कोणाच्या बाजूने उभा आहे हे एका शब्दात सांगायला 'ब्राह्मणेतर' सोयीचा होता. मद्रासेत जस्टिस पक्षाच्या मंडळींनी 1916 सालीच 'नॉन-ब्राह्मिन' या नावाने जाहीरनामा काढला होता, म्हणजे इंग्रजीतही तो चलनात होताच.

तेव्हा पुण्याच्या केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांचा पक्ष 'ब्राह्मणेतर'च. तिथे 'अब्राह्मणी' घातलंत तर इतिहासाचा अभ्यासक तुम्हाला फोन करेल.

'अब्राह्मणी' मात्र माणसांची मोजदाद करत नाही. तो विचाराला, परंपरेला, दृष्टीला लागणारा शब्द आहे. धुळ्याच्या कॉ. शरद पाटलांनी तो खऱ्या अर्थाने रुळवला. 1978 साली मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष सोडून त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला, आणि 1988च्या त्यांच्या पुस्तकाचं नावच 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' असं आहे. आता तुमच्या भाषांतरात 'ब्राह्मणेतर सौंदर्यशास्त्र' आलंय म्हणता, मूळ लेखक बहुतेक याच पुस्तकाबद्दल बोलत असणार. ग्रंथनामाचं भाषांतराचं भाषांतर झालं की असं होतं! हा दोष भाषांतरकाराचा कमी आणि इंग्रजीतून आपलंच घर बघायच्या सवयीचा जास्त.

घाटावरचा:
सर, फरक समजला, पण पटला नाही. 'अ' म्हणजेही 'नाही'च ना? ब्राह्मणी नाही ते अब्राह्मणी. मग 'इतर' आणि 'अ' यात अंतर किती? उगाच अभ्यासकांनी शब्दांची पिलावळ वाढवलीय असं वाटतं.

खडूफळा:
पिलावळ वाढली आहे हे मान्य. पण हे उदाहरण त्यातलं नाही.

'अ' दर वेळी नुसता अभाव सांगत नाही. संस्कृत व्याकरणात या नकारार्थी 'अ'चे, म्हणजे नञ् चे, सहा अर्थ सांगितलेत. त्यात अभाव आहे, 'त्याहून वेगळं' आहे आणि विरोधही आहे. 'अधर्म' म्हणजे धर्माची गैरहजेरी नव्हे, धर्माच्या उलट वागणं. 'अनीती'चंही तेच. पाटलांच्या 'अब्राह्मणी'त हा विरोधाचा 'अ' आहे. ब्राह्मणी परंपरेच्या समोर उभी राहिलेली, स्वतःचं तत्त्वज्ञान असलेली परंपरा असं त्यांना म्हणायचंय. 'ब्राह्मणेतर'मधला 'इतर' बिचारा 'त्याहून वेगळं' एवढ्यावर थांबतो.

वाक्यात घालून बघा. 'जन्माने ब्राह्मण असलेला अब्राह्मणी विचारवंत' हे वाक्य चालतं. 'जन्माने ब्राह्मण असलेला ब्राह्मणेतर' हे चालत नाही. उलट दिशेनेही बघा: एखादा ब्राह्मणेतर नेता पक्का ब्राह्मणी विचारांचा असू शकतो. सोवळंओवळं, मुलीच्या लग्नाबद्दलच्या कल्पना, खालच्या समजल्या गेलेल्या जातीशी वागणूक, सगळं ब्राह्मणी. जातीने मात्र तो ब्राह्मणेतर. एकच शब्द ठेवलात तर हे वाक्य मराठीत लिहिताच येणार नाही.

हा फरक पाटलांच्याही आधीचा आहे. फेब्रुवारी 1938मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तिथेच त्यांनी खुलासाही केला: ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असं मला म्हणायचं नाही, स्वातंत्र्य-समता-बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, ती सगळ्या वर्गांत मुरलेली आहे. जात वेगळी आणि वृत्ती वेगळी हे त्यांनी भर सभेत सोडवून दाखवलं. अभ्यासग्रंथाच्या भाषांतरात ते पुन्हा गुंतवून ठेवण्यात काय अर्थ?

लालडबा:
'बहुजन'बद्दल मी लिहितो, कारण याच शब्दावरून आमच्या अभ्यासगटात दर महिन्याला वाजतं.

शब्द पालीतला. बुद्धाने भिक्खूंना चारिकेला, म्हणजे धर्मप्रचारासाठी गावोगाव फिरायला, पाठवताना सांगितलं ते 'बहुजनहिताय बहुजनसुखाय'. आकाशवाणीचं ब्रीद तेच, आणि आपल्या एसटीचंही. तिथे अर्थ साधा: पुष्कळ लोक. एसटीत चढताना जातीचा दाखला कोणी मागत नाही.

महाराष्ट्राच्या राजकारणात तो शिरला तेव्हा अर्थ थोडा आवळला. 1920च्या कौन्सिल निवडणुकीत विठ्ठल रामजी शिंदे यांनी 'बहुजन पक्ष' या नावाने जाहीरनामा काढला. जातीच्या नावाने राखीव जागा घेणं त्यांना पटत नव्हतं, म्हणून जातवाचक नसलेला शब्द त्यांनी निवडला असं मला वाटतं. शिंद्यांचा हेतू रुंद होता. पण पुढे 'बहुजन समाज' म्हणजे व्यवहारात मराठा-कुणबी आणि सोबतच्या शेतकरी व कारागीर जाती असंच झालं. जुन्या भाषणांत, अग्रलेखांत 'बहुजन समाज आणि दलित' अशी जोडी सर्रास दिसते. त्यातला 'आणि' नीट बघा. दलित बहुजनांत धरलेच नव्हते, ते 'आणि'च्या पलीकडे उभे होते.

तिसरा अर्थ कांशीराम यांचा. माणूस पंजाबातल्या रोपड जिल्ह्याचा, पण नोकरी पुण्यात, संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत; आंबेडकर वाचले तेही पुण्यात. 1978ला बामसेफ ही मागास आणि अल्पसंख्याक कर्मचाऱ्यांची संघटना, 1984ला बहुजन समाज पक्ष. त्यांच्या मांडणीत अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि धर्मांतरित अल्पसंख्याक मिळून बहुजन, म्हणजे लोकसंख्येचे 85 टक्के असा त्यांचा हिशेब. इथे दलित मध्यभागी आले आणि वरच्या शेतकरी जाती बाहेर गेल्या. म्हणजे आपल्याकडच्या अर्थाची पुरती उलथापालथ, आणि तीही बरीचशी पुण्यात बसून!

म्हणून तुमच्या ग्रंथात पान उलटलं की माणसं बदलतात. लेखक घसरलेला नाही. 1925चा बहुजन आणि 1985चा बहुजन वेगळे आहेत.

प्रूफवाली:
हे फारच उपयोगी. पण मग 'दलित-बहुजन'मधली ती रेघ? भाषांतरकारांनी कुठे 'दलित व बहुजन' केलंय, कुठे तशीच ठेवलीय.

लालडबा:
समास सोडवून बघा. इतरेतर द्वंद्व धरला तर 'दलित आणि बहुजन', दोन गट हातात हात घालून. कर्मधारय धरला तर 'दलित असलेले बहुजन', एकच गट. रेघ दोन्हीकडे तशीच, अर्थ वेगळा. विचारवंत कांचा इलय्या यांनी 1996च्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकात रेघच काढून टाकली आणि 'दलितबहुजन' असा सलग शब्द लिहिला. अनुसूचित जाती आणि मागास जाती हा एकच पिळला गेलेला समाज आहे, हे त्यांना लिपीतूनच दाखवायचं होतं. तिथे भाषांतरात 'व' घातलात तर लेखकाचा सगळा युक्तिवाद त्या एका अक्षरात बुडतो.

आणि हे काही नवीन नाही. जोतीरावांचा 'शूद्रातिशूद्र' घ्या. शूद्र आणि अतिशूद्र. मधे रेघ नाही, 'आणि' नाही, सरळ संधी. 1873च्या 'गुलामगिरी'पासून त्यांचा आग्रह हाच, की या दोघांना वेगळं पाडणं हीच लबाडी आहे. संधी केल्यावर दुसऱ्या शब्दाचा 'अ' पहिल्यात विरघळतो, पुन्हा तोडायला व्याकरण शिकलेला माणूस लागतो.

घाटावरचा:
बोलताना मात्र कोणी 'दलितबहुजन' म्हणत नाही हो. आमच्याकडे सभेत 'तमाम दलित, ओबीसी, भटके-विमुक्त, आदिवासी, मुस्लिम बांधवांनो' अशी अख्खी यादी होते, मग 'बहुजन' येतो. एकट्या 'बहुजन' शब्दावर कोणाचा विश्वास नाही, प्रत्येकाला आपलं नाव स्वतंत्र ऐकायचं असतं. 'वंचित बहुजन' हे नाव आलं तेही त्यामुळेच असावं. बहुजनांतले नक्की कोण, ते सांगायला आधी विशेषण लावावं लागलं.

खडूफळा:
हे निरीक्षण पुस्तकात जायला हवं! सभेतली यादी आणि ग्रंथातली संज्ञा यांच्यातलं अंतर कुठल्याच परिभाषाकोशात सापडत नाही.

जाता जाता एक. कोणीतरी सांगेल की सरकारी शब्द वापरा, वाद मिटेल. 2018नंतर सरकारी कागदपत्रांतून 'दलित' काढून 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' लिहायची पद्धत आली. ते कागदपत्रांपुरतं ठीक आहे. ग्रंथात चालणार नाही, कारण 1973च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्यात 'दलित'मध्ये अनुसूचित जाती-जमाती आणि बौद्धांबरोबर भूमिहीन, गरीब शेतकरी, कष्टकरी, स्त्रियाही होत्या. तिथे 'अनुसूचित जाती' लिहिलंत तर स्त्रिया आणि शेतमजूर पानावरून गायब. शिवाय 'नवबौद्ध' शब्द बऱ्याच बौद्धांना आवडत नाही. बाबासाहेबांसोबतच्या धम्मदीक्षेला सत्तरएक वर्षं होत आली तरी 'नव'च का, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे.

प्रूफवाली:
ठरलं. पक्ष, नेते, चळवळ, मतदार यांना 'ब्राह्मणेतर'. विचार, परंपरा, सौंदर्यशास्त्र यांना 'अब्राह्मणी'. 'बहुजन' जिथे येईल तिथे शब्द तोच ठेवते आणि प्रकरणाच्या सुरुवातीला भाषांतरकारांकडून चार ओळींची टीप मागते. 'दलित-बहुजन'ची रेघ मूळाबरहुकूम, 'व' काढून टाकते.

शब्दसूचीचं काय करू? प्रकाशकांनी 'बहुजन' अशी एकच नोंद करून पुढे चाळीसेक पानांचे आकडे दिलेत.

खडूफळा:
नोंद फोडा. 'बहुजन (ब्राह्मणेतर चळवळीतील अर्थ)' आणि 'बहुजन (कांशीराम व नंतर)' अशा दोन करा, आणि 'दलित-बहुजन' त्यांच्याखाली न घालता 'द'मध्ये वेगळी द्या. प्रकाशक कुरकुरतील, अर्धं पान वाढेल. वाढू द्या.