आकडेच नव्हे, नियमही तपासा

संस्थेसाठी देणगी मागणारे प्रस्ताव एआयकडून लिहून घेताना ‘भाषा एआयची चालेल, आकडे तेवढे आपले टाका’ असं दोघंतिघं म्हणाले, ते मान्यच. पण नियमांचं काय? आमच्या प्रस्तावात एआयने परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांपर्यंत चालतो, असं छातीठोकपणे लिहून दिलं. एफसीआरए म्हणजे परदेशी देणग्यांबाबतचा कायदा; त्याच्या २०२० च्या दुरुस्तीपासून ही मर्यादा २० टक्के आहे. ऑफिसचं भाडं, वीजबिल, अकाउंटंटचा पगार, सगळं त्या जुन्या हिशेबाने बसवलेलं! अकाउंटंटबाईंनी पेन्सिलीने गोल केला म्हणून वाचलो.

आणि लाभार्थ्यांच्या केस स्टडी एआयमध्ये जशाच्या तशा चिकटवू नका बुवा. आम्ही नाव, गाव, आजार काढून ‘ऊसतोडीला जाणारी, दोन मुलांची आई’ एवढंच ठेवतो. मजकूर जरा कोरडा होतो, होऊ दे.