अनुभव धागा : अलंकार तुम्हाला कधी कळले?

दहावीला अलंकारांची लक्षणं सगळ्यांनीच घोकली. पण उपमा कुठे संपते आणि उत्प्रेक्षा कुठे सुरू होते, हे खरंच उमगलं ते कधी, कुणामुळे? लिहा.

*

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात माझं सूत्र ठरलेलं होतं. 'सारखा', 'परी' दिसलं की उपमा, 'जणू', 'गमे' दिसलं की उत्प्रेक्षा. मग सराव परीक्षेत नामदेवांचं 'अमृताहुनी गोड नाम तुझे देवा' आलं आणि मी बेधडक उपमा लिहून मोकळा. गुण गेला. खोलीवरच्या मित्राने आपल्या पुतण्यावरून समजावलं. बंड्या वादळासारखा आहे : उपमा. बंड्या म्हणजे जणू वादळच : उत्प्रेक्षा. बंड्या नावाचं वादळ घरात शिरलं : रूपक. हा बंड्या नव्हे, वादळ आहे : अपन्हुती, कारण इथे बंड्याच नाकारला. वादळ परवडलं, पण बंड्या नको : व्यतिरेक. ज्याच्याशी तुलना केली ते, म्हणजे उपमान, हरलं ना! अमृताचंही तेच झालंय. आणि बंड्यासारखा बंड्याच : अनन्वय. आता प्रश्न कसाही येवो, मी आधी त्यात बंड्या बसवून बघतो.

*

वडील गाडी दुरुस्तीचं काम करायचे. 'इंजिन खोकतंय', 'आज ही रुसलीय', 'तिला जरा श्वास घेऊ दे'. बाई वर्गात चेतनागुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असं बोलणं, शिकवायला लागल्या, तेव्हा मला वाटलं, हे तर आमच्या गॅरेजमधलं बोलणं!

*

आमच्या आजीची अतिशयोक्ती : दमडीच्या तेलात सासूबाईंचं न्हाणं, मामंजींची शेंडी, वर उरलेल्या तेलाच्या ओघळात उंट वाहून जातो. पुढे तेच पाठ्यपुस्तकात उदाहरण म्हणून भेटलं. तिला दाखवलं तर म्हणाली, "यात शिकवायचं काय असतं?"

*

श्लेष, म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ, मला अजूनही उशिरा कळतो. 'मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?' यातला मित्र म्हणजे सूर्यसुद्धा, हे बारावीत समजलं. तोवर मला ते वाक्य मैत्रीबद्दलचं सुभाषित वाटे.

*

अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. एकदा सहज म्हणाले, "पोटात कावळे ओरडतायत." सात वर्षांच्या एका मुलाने उठून माझ्या पोटाला कान लावला. वाच्यार्थ (शब्दशः अर्थ), लक्ष्यार्थ (त्यामागचा खरा अर्थ) हे शब्द त्या वयाला कसे सांगणार? सोडून दिलं. पुढच्या रविवारी तोच आला आणि म्हणाला, "ताई, नाश्ता झालाय माझा, पण थोडी भूक आहे. एकच कावळा आहे, छोटा."