सेकंडहँड हिमालयन ४११: २०१८, २०२० की २०२१?

ताम्हिणी_वळण

मंडळी, रॉयल एनफिल्डची सेकंडहँड हिमालयन ४११ मोटरसायकल घ्यायचं नक्की झालंय, पण कुठल्या सालाची यावर गाडी अडली आहे. वापर असा: मुक्काम पुणे, शनिवार-रविवार कोकण नाहीतर सातारा-कास बाजू, पावसाळाही धरून, बहुतेक वेळा डबल सीट. पुढच्या जूनमध्ये स्पिती करायचा विचार आहे. ८०-९० च्या वर पळवायची हौस नाही. समोर तीन गाड्या आहेत:

१) २०१८, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही, ३१,००० किमी, ९५ हजार.
२) २०२०, २४,००० किमी, १ लाख २५ हजार. विकणारा बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नवा नियम) आहे म्हणतोय.
३) २०२१, ट्रिपरवाली (रस्ता दाखवणारा छोटा गोल डिस्प्ले), १९,००० किमी, १ लाख ६० हजार, पासिंग कर्नाटकचं.

एक जण म्हणाला, लांब जायचं तर जुनी कार्ब्युरेटरवालीच घे, कुठेही दुरुस्त होते. खरं आहे का?

स्पोक_आणि_रिम

आधी एक गोष्ट: या गाडीत रजिस्ट्रेशनच्या सालावर जाऊ नका. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि एमिशन नॉर्म (बीएस-३, ४ की ६) बघा, एमपरिवहन अॅपवरही दिसतं. बीएस-४ गाड्यांची नोंदणी ३१ मार्च २०२० पर्यंत चालू होती, त्यामुळे "२०२० मॉडेल" म्हणून विकली जाणारी गाडी २०१९ मध्ये बनलेली बीएस-४ असू शकते. तुमच्या दुसऱ्या गाडीबद्दल मला हीच शंका आहे. हाच घोळ २०१७ च्या गाड्यांतही सापडतो. मार्च २०१७ अखेर बीएस-३ चा साठा सवलतीत काढला गेला, म्हणून २०१७ चं पासिंग असलं तरी आत कार्ब्युरेटर असू शकतो.

टप्पे थोडक्यात असे. मार्च २०१६ ला गाडी आली, कार्ब्युरेटरसह. बीएस-४ साठी फ्युएल इंजेक्शन आलं. २०१८ च्या उत्तरार्धात ड्युअल चॅनल एबीएस मिळालं, पण ते बंद करता येत नव्हतं. जानेवारी २०२० ला बीएस-६ आली: मागचं एबीएस बंद करायची सोय, हझार्ड लाइट, वजन १९९ किलो. फेब्रुवारी २०२१ ला ट्रिपर, सुधारलेली सीट, उंच काच, आणि टाकीच्या बाजूची फ्रेम बदलली, कारण उंच माणसाचे गुडघे तिला लागायचे. इंजिन शेवटपर्यंत तेच: ४११ सीसी, ३२ एनएम, १५ लिटरची टाकी. नोव्हेंबर २०२३ ला नवी हिमालयन ४५० आली आणि ही बंद झाली.

जागेवर ओळखायचं तर उजव्या स्विचवर हझार्डचं त्रिकोणी बटण आहे का बघा. नसेल तर बीएस-६ नाही, विकणारा काहीही म्हणो. ट्रिपरवरून मात्र साल ठरवू नका. २०२२ मध्ये चिपच्या टंचाईमुळे तो ऐच्छिक केला होता, त्यामुळे त्यानंतरच्या काही गाड्यांवर तो नाही.

कार्ब्युरेटरच्या सल्ल्याबद्दल: स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीत तुम्ही साडेचार हजार मीटरच्या आसपास असता. हवा विरळ, मिश्रण पेट्रोलने जड होतं, गाडी गुदमरते. इंजेक्शन सेन्सरवरून पेट्रोल आपोआप कमी करतं. शिवाय कार्बवाल्या म्हणजे पहिल्या बॅचच्या गाड्या, चासीला तडे गेल्याच्या तक्रारी त्यांच्याच जास्त. रस्त्याकडेला कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोलचं बारीक छिद्र) साफ करता येतो हे खरं, पण तेवढ्यासाठी बाकीचं सगळं पदरात घेऊ नये.

दहा_नंबर_पाना

सालापेक्षा गाडीची अवस्था महत्त्वाची, आणि ४११ ची दुखणी ठरलेली आहेत. बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा, गाडी गरम करून ठेवू नको. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. कोमट लागलं तर एक चहा घ्या आणि थांबा. थंड स्टार्टला टॅपेटचा हलका आवाज या इंजिनात असतोच. गरम झाल्यावर वाढला, किंवा सायलेन्सरमधून निळा धूर दिसला, तर पुढे जाऊ नका. ऑइलची काच गाडी सेंटर स्टँडवर सरळ ठेवून बघा. दुधाळ रंग म्हणजे आत पाणी.

कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग): या गाडीचा सगळ्यात नाजूक भाग. सेंटर स्टँडवर घ्या, मागे कोणीतरी वजन द्या म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल दोन बोटांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी हळू फिरवा. बरोबर मध्ये "खट्ट" होऊन अडलं तर बेअरिंगच्या कपमध्ये खड्डे पडलेत. असं हँडल घाटात सतत मध्ये ओढ खातं आणि माणूस टायरला दोष देत बसतो. मग फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा, प्ले (ढिलेपणा) जाणवायला नको.

मागची लिंकेज: मोनोशॉकच्या खाली बेअरिंगवर फिरणारी लिंकेज आहे. ओढे ओलांडून किंवा प्रेशर वॉशरने धुऊन तिथलं ग्रीस निघून जातं, आणि सर्व्हिसला ती उघडतच नाहीत. मागचं चाक अधांतरी असताना तेच चाक धरून वर-खाली हलवा. "टक टक" आली तर बुश-बेअरिंग गेलं. आवाज नसूनही शॉक अडखळत दबत असेल तर पिन गंजून जाम आहे. डबल सीट फिरणाऱ्याने हे सोडू नये.

चाकं: स्पोकला स्क्रू ड्रायव्हरने टिचकी मारत फिरा, बद्द वाजणारा स्पोक सैल. मागची १७ इंची रिम खड्ड्यात आधी वाकते, चाक फिरवून स्विंगआर्मच्या तुलनेत डोलते का बघा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: ३५१९ म्हणजे २०१९ चा ३५ वा आठवडा. नक्षी कितीही दिसो, पाच-सहा वर्षांचं रबर ओल्या घाटात नको. टायर ट्यूबवाले आहेत, तेव्हा पंक्चर किटबरोबर टायर लिव्हर आणि पुढची-मागची ट्यूब धरून ठेवा.

एबीएस: किल्ली फिरवल्यावर दिवा लागला पाहिजे आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर विझला पाहिजे. सतत पेटलेला वाईट. मुळीच न पेटणारा त्याहून वाईट, तो कोणीतरी मुद्दाम बंद केलेला असतो.

सीट काढा. फॉग लॅम्प, हॉर्न, चार्जरसाठी मूळ वायरिंग कापून काळी टेप गुंडाळलेली दिसली तर पावसात त्रास नक्की. होकायंत्र उत्तर भलतीकडे दाखवतंय म्हणून किंमत पाडायला जाऊ नका, ते बऱ्याच गाड्यांत तसंच असतं.

घाटवाटसरू

२०१८ ची यादीतून काढा. इंजिन तेच असलं तरी पावसात डबल सीट आणि २१ इंची अरुंद पुढचं चाक, वरंध्याच्या शेवाळलेल्या वळणावर एबीएस नसणं परवडत नाही. नंतर बसवूही शकत नाही: मॉड्युलेटर, सेन्सर, रिंग, वायरिंग सगळंच वेगळं. वाचलेले तीस हजार त्यात पुरणार नाहीत.

पण बीएस-६ साठी जास्त पैसे मोजायची गरज मला वाटत नाही. मागचं एबीएस बंद करण्याची सोय खडी-मातीवर कामाची, ती तुम्ही वर्षातून एखाद्या वेळी वापराल. तुमच्या वापराला फरक पडतो तो २०२१ च्या सीटने. एबीएसवाली बीएस-४ घेऊन सीट बदलून घेणं स्वस्त पडतं. जुन्या मॉडेलचा साइड स्टँड मात्र लांब आहे. मागे सामान लादलं की नेहमी शॉक बसून गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि उजवीकडे आडवी होते. लादताना सेंटर स्टँड वापरा.

आरटीओची_रांग

कर्नाटकवालीचा हिशेब नीट करा. तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), मग इथे नवी नोंदणी, आणि महाराष्ट्राचा एकरकमी टॅक्स गाडीचं वय धरून पुन्हा. परराज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. टॅक्स आणि एजंट धरल्यावर १ लाख ६० चा आकडा बराच वर सरकतो, आणि एनओसीसाठी मूळ मालकाच्या सह्या लागतात. मधल्या डीलरकडून घेताना हेच अडतं.

कुठलीही घ्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी. थकलेली ई-चलनं आधी भरून घ्या. विम्याचं ट्रान्सफर १४ दिवसांत करायचं असतं, आणि एनसीबी (नो क्लेम बोनस) विकणाऱ्याकडेच राहतो, तुम्हाला येत नाही. गोवा किंवा हिमाचलची गाडी असेल तर ती आधी भाड्याने फिरत होती का, आरसीच्या इतिहासात बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या गाड्या नंतर खाजगी करून विकतात.

ताम्हिणी_वळण

दुसरी गाडी पाहिली. तुमचा अंदाज बरोबर निघाला: उत्पादन नोव्हेंबर २०१९, बीएस-४, पासिंग फेब्रुवारी २०२०. हझार्डचं बटण नाही. एबीएसचा दिवा नीट लागतो-विझतो, ऑइल स्वच्छ, सर्व्हिसची बिलं आहेत, पहिलाच मालक, एमएच १२. हँडल मात्र मध्ये अडतं, आणि टायरवर ४१-१९ आहे. विकणारा म्हणतो, घट्ट करून देतो.

दहा_नंबर_पाना

घट्ट करून खड्डे भरत नाहीत, उलट हँडल आणखी जड होईल. २०१९ च्या गाडीचा भाव बोला, त्यातून दोन टायर-ट्यूब आणि कोनसेट मजुरीसकट वजा करा. बिलं असलेली एका मालकाची गाडी आहे, तेवढ्यासाठी सोडू नका.

कोनसेट बदलताना बॉलऐवजी टेपर रोलर बेअरिंग घाला, वरचं-खालचं दोन्ही, आणि चासीतले जुने कपही काढायला लावा. काही जण कप तसेच ठेवतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पुढचा भाग उघडलाच आहे तर फोर्क ऑइल आणि सीलही त्याच मजुरीत उरकून घ्या, आणि मागची लिंकेज उघडून ग्रीस भरा. साधारण ५०० किमी चालल्यावर कप बसतात आणि थोडा प्ले येतो, तेव्हा स्टेअरिंगचा नट एकदा परत सेट करून घ्या. स्पितीला निघायच्या आधी ते ५०० किमी इथेच होऊन जाऊ द्या.