मदत हवी आहे: बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) या मोबाइल गेममध्ये पळत्या शत्रूवर स्नायपरने नेम कसा धरायचा?

स्क्वॉडमध्ये स्नायपिंग माझ्याकडे आहे. एरंगेल मॅप, कार९८के (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढावा लागणारी बोल्ट-ॲक्शन रायफल), सिक्सएक्स (सहापट) स्कोप. उभा शत्रू २०० मीटरवरही एका हेडशॉटमध्ये पडतो, लेव्हल टू हेल्मेट असलं तरी. आडवा पळणारा मात्र हमखास निसटतो. गोळी त्याच्या पाठीमागे धूळ उडवते आणि पुढचा बोल्ट ओढेपर्यंत तो झाडाआड गेलेला असतो.

सेन्सिटिव्हिटी कमी केली, जायरो (फोन हलवून नेम धरण्याची सोय) फक्त स्कोपमध्ये चालू ठेवला, ट्रेनिंग ग्राउंडवर भरपूर सराव केला. पळत्यावर काहीच फरक नाही. फोनवर चार बोटांनी खेळतो, पिंग ठीक असतो. एसकेएस (बोल्ट न ओढता लागोपाठ गोळ्या झाडणारी रायफल) कृपया सुचवू नका, मला बोल्ट-ॲक्शनच पक्की करायची आहे. त्यातली एडब्ल्यूएम तर बहुतेक ड्रॉपमध्येच (विमानातून पडणाऱ्या पेटीत) मिळते.

२०० आणि ३०० मीटरवर तुम्ही पळणाऱ्याच्या किती अंगं (शरीराच्या रुंदीइतकं अंतर) पुढे नेम धरता? आणि स्कोप त्याच्यासोबत फिरवता, की पुढे स्थिर ठेवून तो येईपर्यंत थांबता?