कोंबड्या दिवसा मोकळ्या सोडाव्यात का? घार पण दिसते आणि मुंगूस पण

अंगणातली

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमच्याकडे सहा कोंबड्या आहेत, सगळ्या पूर्ण वाढलेल्या, कोंबडा नाही. अंड्यांसाठी म्हणून आणल्या होत्या पण आता घरातल्याच झाल्यात, प्रत्येकीला नाव आहे, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. खुराडं पक्कं आहे आणि त्याला लागून जाळीचा पिंजरा आहे, दिवसभर तिथेच असतात. पण आता पिंजऱ्यातली जमीन पार उघडी पडलीये, गवताची काडी राहिली नाही, मी दिसले की सगळ्या जणी दाराशी येऊन जाळीच्या कडेकडेने येरझाऱ्या घालतात, आणि एक जण दुसरीच्या शेपटीजवळची पिसं उपटायला लागलीये. मी समोर असताना कधी बाहेर सोडते तेव्हा याच कोंबड्या इतक्या वेगळ्या दिसतात ना, पाचोळा उकरतात, किडे टिपतात, मातीत पंख पसरून लोळतात, बघत राहावंसं वाटतं.

अडचण ही की वर घार रोज घिरट्या घालते, आणि कुंपणाच्या झुडपातून मुंगूस जाताना मी स्वतः पाहिलंय. मांजरी तर येतातच. घरात दोन मतं आहेत, नवरा म्हणतो जीवच गेला तर मोकळेपणा काय कामाचा, आणि मला वाटतं की आयुष्यभर जाळीला चोच घासत काढणं हे पण बरं नाही. मी दिवसा कामावर असते त्यामुळे सतत लक्ष ठेवणं शक्य नाही. तुम्ही लोक काय करता? खरंच सोडता का?

रानवाट

ताई, तुमचा प्रश्न सोडू की नको असा एकच दिसतो पण त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत, रात्र आणि दिवस. रात्रीबद्दल माझ्याकडे चर्चाच नाही. अंधारात कोंबडीला जवळजवळ काही दिसत नाही, दांडीवर बसली की ती जागची हलत नाही, कोणीही येऊन उचलावी. रानमांजर, उदमांजर, कोल्हा, घुबड, काही साप, सगळे जास्त करून तेव्हाच फिरतात. म्हणून अंधार पडायच्या आत खुराडं बंद, रोज, पाऊस असो वा पाहुणे असोत.

आणि तुम्ही पक्कं म्हणताय ते एकदा नीट तपासा. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा दातांनी फाडतो, उंदीर आणि मुंगसाचं पिल्लू भोकातून आत येतं. अर्ध्या इंच भोकांची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची चौकोनी भोकांची जाळी लावा, आणि जमिनीत खणून पुरायला जमत नसेल तर तीच जाळी भिंतीच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी अंथरून दगड ठेवा, उकरणारा प्राणी भिंतीला चिकटूनच उकरायला लागतो, पायाखाली जाळी लागली की त्याला मागे सरकून उकरायचं सुचत नाही. कडी पण नुसती सरकवायची नको, अडकवून फिरवावी लागेल अशी हवी.

आता दिवस. इथे कोणता शिकारी आहे त्यावर सगळं ठरतं, सगळ्यांना एकच उपाय लागू होत नाही. साधी घार पूर्ण वाढलेल्या कोंबडीला सहसा उचलत नाही, तिचं स्वतःचंच वजन किलोच्या आतबाहेर असतं, कोंबडी तिच्याहून जड. घारीचा धोका पिल्लांना, तो मात्र खूप मोठा. मोरघार किंवा मोठा ससाणा असेल तर गोष्ट वेगळी, ते मोठी कोंबडी पण मारतात. म्हणजे आकाशात काय फिरतंय ते आधी नीट ओळखा, शेपटीला खाच असेल तर घार.

मला तुमच्याकडे जास्त काळजी मुंगसाची वाटते. लोकांना वाटतं रात्री बंद केलं की झालं, पण मुंगूस दिवसाच शिकार करतो. अंडी, पिल्लं तर जातातच, मोठ्या कोंबडीची मान पण धरतो.

मातीपाय

मी विरुद्ध मत मांडतो, राग मानू नका. आमच्याकडच्या कोंबड्या वर्षानुवर्षं मोकळ्या होत्या आणि काही झालं नव्हतं, मग एका दुपारी दोन भटकी कुत्री कुंपणाच्या फटीतून आत आली. कुत्रा भुकेपोटी मारत नाही, पळणारी वस्तू दिसली की धरतो झटकतो सोडतो आणि पुढचीच्या मागे लागतो, त्यामुळे एक जात नाही, सगळ्या जातात. अंगणभर पडलेल्या होत्या, एकही खाल्लेली नाही. त्यातली एक जिवंत होती, तिला अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवून डॉक्टरांकडे नेलं, वरून जखम टाचणीएवढी दिसत होती आणि आत सगळं सडायला लागलं होतं, ती पण गेली.

तेव्हापासून माझ्या कोंबड्या मोठ्या पिंजऱ्यात असतात, वरून पण जाळी, आणि मला त्यात अपराधी वाटत नाही. पिंजरा उदास असायलाच हवा असं कुठे आहे. खाली पाचोळा, गवत, भुसा यांचा चांगला वीतभर थर टाका, त्यात मूठभर दाणे उधळा, दिवसभर उकरत बसतात. पालेभाजीची जुडी त्यांना उडी मारावी लागेल इतक्या उंचीवर टांगा. कोरडी माती आणि राख भरून एक उथळ टोपलं ठेवा लोळायला. वेगवेगळ्या उंचीच्या दोन-तीन फांद्या. पिसं उपटणं बहुतेक वेळा गर्दी आणि रिकामपण यातून येतं, पिंजऱ्यात कोंबडीमागे निदान दहा चौरस फूट जागा हवी, तेवढी आहे का ते मोजा आधी. खाद्यात प्रथिनं कमी पडली तरी उपटतात. आणि बारीक उवा नाहीत ना हे पण पिसं बाजूला करून बघा, ते राहून जातं.

अंगणातली

वाचून पोटात गोळा आला मातीपाय दादा, खूप वाईट वाटलं. जागा मोजली, तुम्ही म्हणता त्याच्या निम्मीच भरतेय, म्हणजे पिंजरा वाढवायचा हे नक्की. पाचोळा आजच टाकला, लगेच तुटून पडल्या.

रानवाट, शेपटीला खाच आहे, म्हणजे घारच. मग घारीपासून लपायला झुडपं लावू का? सगळीकडे लिहिलेलं असतं की कोंबड्यांना आडोसा हवा. पण मुंगूस झुडपातूनच येतो ना.

पंखवाला

हाच तर मुद्दा आहे, बरोब्बर पकडलात. वरून येणाऱ्यापासून वाचायला डोक्यावर आडोसा लागतो आणि जमिनीवरून येणाऱ्यापासून वाचायला नजर मोकळी लागते, आणि नुसतीच झुडपं लावत सुटलं की पहिलं साधतं आणि दुसरं बिघडतं. तर आडोसा असा करायचा की तो वरून झाकलेला असेल पण खालून आरपार दिसेल. चार पायांवर फळ्या टाकून बुटकं टेबल करा, एखादी जुनी खाट चालेल, किंवा मोठं झुडूप असेल तर त्याच्या खालच्या फांद्या छाटून टाका आणि वरचा घेर ठेवा. हे अंगणाच्या मध्यावर हवं, कुंपणाला चिकटून अजिबात नको. कुंपणालगत उलट दोन-तीन मीटरचा पट्टा साफ ठेवा, गवत कापून, लाकडं विटा काही रचून न ठेवता, कारण मुंगसाला उघड्यावरून चालत यायला आवडत नाही आणि आला तरी कोंबड्यांना लांबून दिसतो.

कोंबडीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात त्यामुळे मागचा थोडा भाग सोडला तर तिला सगळीकडचं दिसतं, दाणे टिपताना एक डोळा खाली असतो आणि दुसरा आकाशाकडे. पहारा त्या स्वतःच देतात, आपण फक्त त्यांना बघायला आणि पळायला जागा द्यायची. कोणत्याही जागेवरून चार-पाच उड्यांत आडोसा गाठता आला पाहिजे असा हिशोब ठेवा. ज्या जातींना डोक्यावर पिसांचा मोठा तुरा असतो त्यांच्या डोळ्यांवर पिसं येतात, त्यांना वरचं दिसत नाही, त्या पहिल्या बळी जातात. आणि मोकळं सोडणार असाल तर पंख कापू नका, झाडावर उडून बसणं हीच त्यांची सुटका असते.

चकाकणाऱ्या पट्ट्या, प्लास्टिकचं घुबड वगैरे लावायचं तर लावा, जागा बदलत राहिलात तर थोडे दिवस चालतं, नाहीतर घार त्यावरच येऊन बसते. आणि काही झालं तरी विष ठेवायचं नाही, फास लावायचे नाहीत. विष खाऊन मेलेला उंदीर घुबड खातं, मांजर खाते, तुमची कोंबडी पण चोच मारते. घारी, घुबडं यांना मारणं बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि नसतं तरी त्यांचा काय दोष, ती त्यांची भूक आहे, अंगण आपण नीट करायचं.

नवी_पालक

मधेच विचारते, कोंबडा पाळला तर फायदा होतो का राखणीला?

पंखवाला

होतो, पण तो लढून जिंकेल असं समजू नका. त्याचं खरं काम इशारा देणं. वरून काही आलं तर बारीक लांब शीळ घातल्यासारखा आवाज काढतो आणि सगळ्या आडोशाला पळतात, जमिनीवरून काही आलं तर मोठ्याने तुटक तुटक क्वाक क्वाक करत राहतो आणि त्या मान ताठ करून बघतात. दोन धोक्यांना दोन वेगळे आवाज, हे मुद्दाम अभ्यासून पाहिलेलं आहे. आजूबाजूला घरं असतील तर पहाटेच्या आरवण्याचा विचार आधी करा. कोंबडा नसेल तर कळपातली मोठी कोंबडी पण थोडंफार हे काम करते.

रानवाट

अंगणातली ताई, तुम्ही कामावर जाता म्हणून तुमच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतं ते म्हणजे फक्त संध्याकाळी सोडणं. सूर्य मावळायच्या आधीचा तास दीड तास, तुम्ही घरी आल्यावर, तुम्ही अंगणात असतानाच. याचे फायदे बघा, बहुतेक कोंबड्या दुपारपर्यंत अंडं घालून मोकळ्या होतात त्यामुळे अंडी खुराड्यातच मिळतात, झुडपात शोधत फिरावं लागत नाही, आणि झुडपात अंडी नसली की मुंगसाला यायचं एक कारण कमी. दुसरं म्हणजे अंधारू लागलं की त्या आपोआप खुराड्याकडे वळतात, पकडापकडी नाही. तिसरं, भुकेल्या सोडायच्या आणि परत आल्या की दाणे द्यायचे, डब्याचा एक ठरलेला आवाज करत, काही दिवसांत तो आवाज ऐकला की धावत येतात, उद्या खरंच कुत्रा दिसला तर हाच आवाज उपयोगी पडेल. फक्त ती वेळ कोल्ह्या-रानमांजरांची पण असते म्हणून तुम्ही बाहेर पाहिजेच, खिडकीतून बघणं धरू नका.

रोज मोजून बंद करा. एक जरी कमी असेल तर दार लावायच्या आधी शोधा, बहुतेक वेळा खुडूक होऊन कुठेतरी अंड्यांवर बसलेली असते, आणि रात्रभर तशी जमिनीवर राहिली तर सकाळी मिळेलच असं नाही. उजेडावर चालणारं आपोआप बंद होणारं दार मिळतं, ते चांगलं आहे, पण कोण आत आहे आणि कोण बाहेर राहिली हे दाराला कळत नाही.

नवीन कोंबड्या आणल्यात तर त्यांना आठवडा-दोन आठवडे आतच ठेवा, घर कुठलं हे डोक्यात बसलं की मग सोडा.

मातीपाय

संध्याकाळी समोर बसून सोडण्याला माझा पण विरोध नाही. माझा विरोध दिवसभर सोडून कामावर जाण्याला आहे. कुत्रा आत येईल अशी एकही फट नाही याची खात्री करा मात्र, पूर्ण कुंपण गुडघ्यावर बसून बघत जा, उभ्याने दिसत नाहीत त्या फटी.

आणि अजून एक, दाणापाणी उघड्यावर ठेवू नका. चिमण्या-कबुतरं-कावळे येतात, त्यांच्या विष्ठेतून रोग येतात, उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. खाणंपिणं आतच. बर्ड फ्लूची साथ आजूबाजूला जाहीर झाली तर शिकारी असो नसो, सोडणं पूर्ण बंद, जाळीवर ताडपत्री.

अंगणातली

खूप आभार सगळ्यांचे. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. ठरलं असं की पिंजरा दुप्पट करायचा, खाली वेल्डमेश आणि वरून पण जाळी, आणि रोज संध्याकाळी आमच्यापैकी एक जण अंगणात असेल तेव्हाच दार उघडायचं, ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी आतच पाचोळ्यात दाणे. कुंपणाकडची झुडपं या रविवारी काढतोय. यात तो पण खूश आहे आणि मी पण.

एकच राहिलं, त्या फळ्यांच्या टेबलाची उंची किती ठेवू? आणि समजा एखाद दिवशी मुंगसाने हल्ला केलाच आणि कोंबड्या वाचल्या तर दुसऱ्या दिवशी सोडायच्या का?

पंखवाला

उंची गुडघ्याएवढी पुरे, कोंबडी मान ताठ करून खाली उभी राहिली पाहिजे, पण झडप घालून येणाऱ्या पक्ष्याला पंख पसरून आत शिरता येता कामा नये. लांबी जितकी जमेल तितकी, एकाच टोकाला गर्दी झाली तर कमजोर कोंबडीला बाकीच्या बाहेर ढकलतात, म्हणून एका मोठ्यापेक्षा दोन लहान केलेली बरी.

हल्ला झाला तर लगेच दुसऱ्या दिवशी नाही. ज्याला एकदा संधी दिसली तो त्याच वेळी त्याच वाटेने परत येतो, त्यामुळे निदान दोन आठवडे आत ठेवा आणि तो नेमका कुठून आला ती वाट शोधून बंद करा. सगळ्यांची पिसं बाजूला करून मान आणि पाठ बघा, दाताची खूण वरून दिसत नाही. त्या दिवसांत अंडी कमी होतील किंवा थांबतील, घाबरल्यामुळे होतं ते, खाद्य बदलायला जाऊ नका.